सातवी पेशी : दृष्टिपटलाच्या विकासाच्या इतिहासातील एक उत्परिवर्तन

जनुकातील बदलामुळे डोळ्याचा रंग किंवा आकार बदलतो, हे फळमाशीच्या अभ्यासकांना टॉमस हंट मॉर्गन यांच्या पांढऱ्या डोळ्याच्या माशीपासून, म्हणजे १९१० पासून ठाऊक होते. मात्र दृष्टिपटलातील एखादी विशिष्ट चेतापेशी कोणत्या आदेशाने घडते, हा प्रश्न त्यानंतर सहा दशके जवळजवळ अस्पर्शित राहिला.

फळमाशीचा संयुक्त नेत्र सुमारे ७५० ते ८०० नेत्रिकांचा बनलेला असतो. प्रत्येक नेत्रिकेत आठच प्रकाशग्राही पेशी असतात आणि त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. एवढी काटेकोर रचना पाहता, एका नेत्रिकेतील सर्व पेशी एकाच मातृपेशीपासून ठरावीक विभाजनांनी निर्माण होत असाव्यात, असे मानणे स्वाभाविक होते. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड रेडी यांनी ही समजूत खोडून काढली. रंगद्रव्य असलेल्या व नसलेल्या पेशींच्या मिश्र ऊती तपासल्यावर एकाच नेत्रिकेत दोन्ही वंशांच्या पेशी आढळल्या. हे संशोधन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशीचे भवितव्य कुळावरून ठरत नसेल, तर ते शेजाऱ्यांवरून ठरत असले पाहिजे. परंतु हा अद्याप केवळ तर्क होता.

त्याला आधार मिळाला तो एका साध्या निवडीतून. अतिनील आणि हिरवा प्रकाश समोर ठेवल्यास सामान्य माशी अतिनील प्रकाशाकडे जाते. काही उत्परिवर्तित माश्या मात्र हिरव्याकडे वळल्या. अतिनील प्रकाश टिपणारी सातवी पेशी त्यांच्या डोळ्यांत नव्हतीच. विल्यम हॅरिस, विल्यम स्टार्क व जॉन वॉकर यांनी याच वर्षी वर्णिलेल्या या उत्परिवर्तनाला ‘सेव्हनलेस’, म्हणजे ‘सातवीविना’, असे नाव मिळाले.

सातवी पेशी मरते, की जन्मतच नाही? उत्तर यापेक्षा वेगळे निघाले. अँड्र्यू टॉमलिन्सन व रेडी यांनी १९८६ मध्ये दाखवले, की ती पेशी आपल्या जागी असते. पण चेतापेशी न होता भिंग घडवणाऱ्या शंकुपेशीत रूपांतरित होते. जनुकाच्या अभावी पेशी नष्ट होत नाही, तर तिचा व्यवसाय बदलतो. या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच म्हणावा लागेल.

पुढील वाटचाल वेगाने झाली. १९८७ मध्ये हे जनुक पेशीपटलावरील टायरोसिन कायनेज प्रकारचा ग्राहक घडवते, असे सिद्ध झाले. लगेच १९८८ मध्ये रायन्के व झिपर्स्की यांनी ‘ब्राइड ऑफ सेव्हनलेस’ या जनुकाची माहिती दिली. हे जनुक सातवीत नव्हे, तर शेजारच्या आठव्या पेशीत कार्यरत असावे लागते. शेजाऱ्याचा तर्क असा प्रत्यक्षात उतरला. माशीच्या अभ्यासकांचा नामकरणाचा उत्साह तेथेच थांबला नाही. संदेश पेशीच्या आत रास प्रथिनापर्यंत नेणाऱ्या जनुकाला ‘सन ऑफ सेव्हनलेस’ म्हटले गेले. या ‘पुत्रा’च्या मानवी प्रतिरूपातील बदलांमुळे नूनन लक्षणसमूह उद्भवू शकतो, हे २००७ मध्ये उघड झाले.

पृष्ठवंशीयांत स्थिती अगदी तशीच नाही. उंदरात ‘मॅथ५’ जनुक निकामी केल्यास दृष्टिपटलातील बहुतेक गुच्छिका पेशी तयार होत नाहीत आणि मेंदूकडे जाणारी दृक्चेताही बनत नाही, असे २००१ मध्ये आढळले. या जनुकाचा माशीतील आप्त ‘एटोनल’ असून, त्याच्याविना माशीची ती आठवी पेशीच घडत नाही.