तिसऱ्या चाकाची कुळकथा

दुचाकी शिकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो वेगापेक्षा सिग्नलला. गाडी थांबली की तोल जातो, पाय टेकेपर्यंत जीव वरखाली होतो. तिसरं चाक या भीतीवरचा उतारा, आणि तो मोटरसायकलपेक्षाही जुना आहे.

1870च्या दशकात इंग्लंडमध्ये सायकल म्हणजे पुढचं चाक छातीएवढं उंच, त्याच्यावर बैठक. पडलं की थेट तोंडावर. घोळदार झग्यातल्या बायका आणि पोक्त गृहस्थ तिच्या वाटेला जात नसत. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तीनचाकी केली ती अशाच गिऱ्हाइकांसाठी, आणि 1881 मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने त्यांची ‘साल्वो’ मागवली. पण तीनचाकीची खरी कसोटी वळणावर लागते. बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडली तर गाडी फरफटते. म्हणून स्टार्लींनी 1877च्या सुमारास तिला दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल जोडलं. ज्या यंत्रणेवर पुढे मोटारी वळल्या, ती आधी भित्र्या सायकलस्वारांच्या कामी आली होती. कार्ल बेन्झ यांची 1886च्या पेटंटची मोटारही तीनचाकीच होती.

हार्ले-डेव्हिडसनने 1932 मध्ये ‘सर्व्हि-कार’ काढली, तिच्यामागे मात्र भीती नव्हती, व्यवहार होता. मेकॅनिक तिच्यावरून गिऱ्हाइकाच्या घरी जाई, त्याची मोटार घेऊन गॅरेजकडे निघे आणि सर्व्हि-कार मागे ओढून आणी. दुचाकी अशी ओढता आली नसती. अमेरिकी पोलिसांनीही ती पार्किंगच्या कामाला लावली. 1973 पर्यंत तिचं उत्पादन चाललं. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या मोटरसायकलींना मागे प्रवासी डबा जोडून दिल्लीत ‘फटफटी’ धावल्या. धुरापायी 1998 मध्ये त्या रस्त्यावरून हटल्या.

दोन चाकं मागे असली की एक खोट राहते. वळता वळता ब्रेक मारला की वजन पुढच्या एकट्या चाकावर जातं आणि आतल्या बाजूचं मागचं चाक उचलू पाहतं. यावरचा एक उपाय म्हणजे गाडी झुकू देणं. बीएसएची 1970ची ‘एरियल-3’ अशी होती. ती सपशेल आपटली. पण कल्पना होंडाने उचलली आणि तिच्यातून आलेली ‘जायरो’ जपानात घरपोच माल पोचवायला लागली.

दुसरा उपाय चाकं उलटी मांडण्याचा: दोन पुढे, एक मागे. पियाज्योने 2006 मध्ये आणलेली ‘एमपी3’ अशी आहे आणि झुकतेही. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या बीआरपीची ‘स्पायडर’ आली. ती झुकत नाही. ही कंपनी बर्फावर धावणाऱ्या ‘स्की-डू’ची. स्की-डूला पुढे दोन स्की, मागे एकच पट्टा; स्पायडरची मांडणी बघितली की घराणं ओळखू येतं. तिची धाकटी बहीण ‘रायकर’ तर क्लच आणि गिअर बदलण्याच्या कटकटीतूनही सोडवते.

मग घाबरट नवख्याने काय घ्यावं? माझं मत पुढे दोन चाकं असलेलीच गाडी. पुढे दुचाकीवर जायचा विचार नसेल तर न झुकणारी. पण हे पक्कं ध्यानात ठेवा की ती वळताना अंगाला बाहेर फेकते आणि हँडल ज्या दिशेला जायचं त्या दिशेला जोर लावून वळवावं लागतं. दुचाकीची सवय तिथे उपयोगाची नाही. दुचाकी पुढे शिकायचीच असेल तर झुकणारी बरी, कारण तोल सावरण्याची रीत तीच राहते. फक्त दुकानात एक प्रश्न विचारा: थांबल्यावर ती आपोआप उभी राहते का? एमपी3ला उभं ठेवायला लॉक लावावं लागतं. 2018 मध्ये आलेल्या यामाहाच्या ‘निकेन’ला तसं लॉकच नाही. तीन चाकं असूनही सिग्नलला पाय टेकावेच लागतात.