पाहुण्याचा परवाना

मुंबई आणि कराची ही शहरे १ एप्रिल १९३६ पर्यंत एकाच इलाख्यात होती, हे आजच्या तरुण मंडळींना सांगूनही खरे वाटत नाही. सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थांच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे. आमच्या कोकणातली मुस्लिम कुटुंबेही पोटापाण्यासाठी बोटीने तिकडे जात. त्या प्रवासाला तिकीट लागे, परवाना नव्हे.

फाळणीनंतरही काही महिने ये-जा चालू राहिली. मग जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सुरू केले. पाठोपाठ पाकिस्ताननेही तेच केले. कायम परतण्याचे परमिट वेगळे, तात्पुरत्या भेटीचे वेगळे. राज्यघटनेच्या सातव्या कलमाने या फरकाला मोठे वजन दिले. १ मार्च १९४७ नंतर तिकडे गेलेला माणूस कायम परतीच्या परमिटावर आला, तर त्याला नागरिकत्वाची वाट मोकळी. भेटीच्या परमिटावर आला, तर तो पाहुणा. मग ते घर त्याच्या बापाने बांधलेले का असेना!

ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आणि व्हिसा आले. लग्नाला, मयताला यायचे म्हणून कित्येकांनी पाकिस्तानी पासपोर्ट काढले. १९५६ च्या नियमांनी तो पासपोर्टच परक्या नागरिकत्वाचा निर्णायक पुरावा ठरवला आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध मानला.

या दोन देशांमधला भेटीचा व्हिसा देशाचा नसतो, नेमक्या शहरांचा असतो. गावांची नावे अर्जातच लिहायची. पोहोचल्यावर पोलिसांत नोंद, निघताना पुन्हा नोंद. आमच्या एका फुफूच्या, म्हणजे आत्याच्या, व्हिसावर मुंबई होती, पण माहेरचे गाव नव्हते. आम्ही सगळे तिला भेटायला मुंबईला गेलो. तिच्या आईवडिलांच्या कबरी मात्र मुंबईला नेता येत नव्हत्या.

१९९४ च्या अखेरीस कराचीतली भारतीय वकिलात बंद झाली. मग कराचीकरांचा अर्ज हजार किलोमीटरहून दूर इस्लामाबादला जाऊ लागला. २०१२ च्या करारात पासष्टीपुढच्यांना अटारीच्या नाक्यावरच ४५ दिवसांचा व्हिसा देण्याचे ठरले होते. ती सवलत २०१३ च्या जानेवारीत सुरू होता होताच थांबली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले.

निरपराधांचे रक्त सांडल्यावर सरकार दार लावून घेते, हे समजण्यासारखे आहे. पण नाती दारापाशी कायमची थांबत नाहीत, ती म्हातारी होतात. अर्जात भेटीचे कारण विचारतात. तिथे आजवर लोक ‘नातेवाइकांची भेट’ असे लिहीत आले. दार कधीतरी उघडेलच. पण तोवर त्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे, हे सांगणारे तरी घरात कोणी उरले असेल का?