निळ्या नक्षीचं खापर चिनी की इंग्रजी? बशीच्या तुकड्यावरून काळ कसा ओळखतात?

पांढऱ्या चिनीमातीवर निळी नक्षी, एका कोपऱ्यात पॅगोडा, बाजूला झुकलेलं झाड. उत्खननातल्या अशा तुकड्याचा फोटो पोस्ट झाला की पहिली कमेंट ठरलेली असते, 'हे तर चिनी!' पण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या वस्तीत सापडलेला असा तुकडा अनेकदा इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचा निघतो.

या भांड्यांना ट्रान्सफरवेअर म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात शाई भरायची, पातळ कागदावर छाप घ्यायचा आणि तो ओला कागद भांड्यावर दाबायचा. मग झिलई देऊन भट्टी. झिलईखालची निळी छपाई १७८४च्या सुमारास जोसाया स्पोड यांनी चांगलीच बसवली आणि हाताने रंगवलेल्या भांड्यांपेक्षा स्वस्त माल जगभर जाऊ लागला. भिंगातून पाहिलं तर फरक कळतो. हाताने रंगवलेल्या नक्षीत कुंचल्याचे फटकारे असतात, छापलेल्या नक्षीत बारीक रेघा आणि ठिपके. किनारीत कागदाचा सांधा नीट न जुळलेलाही दिसतो.

विलो नक्षी गंडवते

पूल, त्यावर तीन माणसं, वर दोन पक्षी ही 'विलो' नक्षी १७९०च्या सुमारास इंग्लंडमध्येच तयार झाली. तिच्यामागची चिनी प्रेमकथाही इंग्रजांनीच नंतर रचली (मार्केटिंग तेव्हाही होतंच!). असंख्य कारखान्यांनी ही नक्षी छापली, आजही छापली जाते. त्यामुळे नुसत्या विलोच्या तुकड्यावरून 'हे १७९०च्या आधीचं नाही' याच्या फार पुढे जाता येत नाही.

मधलं चित्र नको, कड बघा

तुकडा लहान असला की मधलं चित्र अर्धवटच मिळतं. किनार जास्त कामाची, कारण कारखाने एकाच मालिकेतल्या वेगवेगळ्या चित्रांना एकच किनार वापरायचे. इनॉक वुड यांच्या कारखान्याने अमेरिकेतली दृश्यं छापली तेव्हा भोवती शिंपल्यांची किनार दिली. स्पोडच्या एका मालिकेत तर भारतातल्या शिकारीची दृश्यं आहेत, तीही एका इंग्रजी पुस्तकातून उचललेली. १८४२च्या कॉपीराइट कायद्यानंतर अशी उचलाउचल अवघड झाली. मग खऱ्या ठिकाणांऐवजी काल्पनिक तळी, किल्ले, कारंजी वाढली. म्हणजे चित्राचा विषयही काळ सांगतो.

रंगही मदत करतो. आधी मुख्यतः निळा, मग १८२०च्या दशकाच्या अखेरीपासून तपकिरी, हिरवा, लाल, जांभळा. बूड सापडलं तर नशीबच. तिथला चौकटच्या आकाराचा नोंदणी शिक्का १८४२ ते १८८३ या काळातला असतो. 'इंग्लंड' छापलेलं असेल तर माल बहुधा १८९१नंतरचा, कारण अमेरिकेने तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

मात्र हे सगळं बशी कधी बनली ते सांगतं. ती फुटली कधी, ते नाही. चांगली बशी घरात वर्षानुवर्षं टिकते. म्हणून तुकडा कुठल्या थरात मिळाला याची नोंद नक्षीइतकीच महत्त्वाची. हौसेने उचलून खिशात टाकलेल्या तुकड्याची ही अर्धी माहिती तिथेच संपते.

अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी असलेलं फोर्ट व्हँकुव्हर हे हडसन्स बे कंपनीचं ठाणं. कंपनी स्पोड आणि नंतर कोपलँड यांची भांडी मागवायची. अशा निळ्या बश्यांचे तुकडे साहेबाच्या घराजवळ तर मिळालेच, पण कोटाबाहेरच्या वस्तीतही मिळाले. तिथे हवाईहून आलेले मजूर, फ्रेंच-कॅनेडियन कामगार आणि स्थानिक आदिवासी कुटुंबं राहायची. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं फारच थोडं उरलंय. ती घरात काय वापरत होती, ते या फुटक्या बश्यांवरून कळतं.