सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत सॉफ्ट स्किल्स कशी तपासतात?

"दादा, कोड येतो मला. पण इंग्लिश बोलायची वेळ आली की तंतरते. सॉफ्ट स्किल्समध्ये उडणार ना मी?" काशीदला घरी गेलो होतो तेव्हा शेजारच्या पोराने हे विचारलं. तो लोणेऱ्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

कॅम्पसच्या वेळी मीही जीडीत, म्हणजे ग्रुप डिस्कशनमध्ये बाहेर पडलो होतो. दहा मिनिटं, बारा जण, आणि ज्याचा आवाज मोठा तो पुढच्या राउंडला. आता मी टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेतो. त्यामुळे खात्रीने सांगतो, फाडफाड इंग्लिश म्हणजे सॉफ्ट स्किल नव्हे.

मग तपासायचं काय?

डेव्हलपर अडला तर वेळेत विचारतो का? मुदत चुकणार हे आधी सांगतो का, की शेवटच्या दिवशी? कोड रिव्ह्यूमध्ये कोणी चूक काढली तर ऐकून घेतो का? रोजचं काम याच गोष्टींवर अडतं.

"तू टीम प्लेअर आहेस का?" असं विचारून काही कळत नाही, कारण "नाही" कोण म्हणणार! म्हणून घडलेला प्रसंग विचारतात. उत्तरासाठी 'स्टार' पद्धत प्रसिद्ध आहे: परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलंत, परिणाम काय झाला.

या पोराने मावशीच्या होमस्टेसाठी बुकिंगचं छोटं वेब पेज बनवलं होतं. एका शनिवारी रेंज गेली आणि एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली. त्याने लपवलं नाही. मावशीला लगेच सांगितलं, दुसऱ्या कुटुंबाची शेजारी सोय केली, आणि नंतर मावशीने होकार दिल्याशिवाय बुकिंग पक्कं होणार नाही असा बदल केला. मुलाखतीत सांगण्यासारखं याहून चांगलं काय असणार? पण त्याला ते 'घरचं काम' वाटत होतं.

पाठ केलेली गोष्ट पुढच्या प्रश्नात उघडी पडते, बरं का. मी विचारतो, "मावशी काय म्हणाली? आज पुन्हा केलंस तर काय वेगळं करशील?" कधी मुद्दाम अर्धवट काम देतो: "लॉगिन पेज बनव." कोणासाठी, पासवर्ड की ओटीपी, हे न विचारता जो थेट टाइप करत सुटतो, त्याचे मार्क कमी.

तपासणाऱ्यांची चूक कुठे होते?

'आपल्यातला वाटला' म्हणून घेणं ही सगळ्यात मोठी चूक. उपाय म्हणजे सर्वांना तेच प्रश्न आणि मार्क कशाला द्यायचे ते आधीच ठरवलेलं. 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकांच्या संशोधनाची फेरतपासणी केली. उमेदवार पुढे काम कसं करेल याचा अंदाज देण्यात अशी आखीव मुलाखत सगळ्यात वर निघाली. कोड्यांबद्दल तर गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझलो बॉक यांनी 2013 मध्येच सांगितलं होतं की ती वेळेचा अपव्यय आहेत.

इंग्लिश अजिबात लागत नाही, असं मात्र नाही. परदेशी क्लायंट असेल तर लागतंच. पण ते वेगळं कौशल्य आहे, त्याचे मार्कही वेगळे धरावेत.

त्या पोराला मी होमस्टेचा किस्सा आधी मराठीत सांगायला लावला. तीन मिनिटं कुठेही अडला नाही. आता रोज एकदा तोच किस्सा इंग्लिशमध्ये रेकॉर्ड करून मला व्हॉट्सॲपवर पाठवतोय.