तबकडींतील नाटक

मोठी वस्तु आंखूड करून विकावयास ठेविली म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनांत दोन विचार एकदमच उभे राहतात. वेळ वांचेल आणि पैसाहि वांचेल, हा एक. आणि जें कापून टाकलें त्यांतच खरी गोडी असली तर काय, हा दुसरा. जपानांत ‘ॲनिमे’ नांवाच्या हलत्या चित्रांच्या लांबलचक मालिका होतात. त्यांतील निवडक भाग जोडून दोनअडीच तासांचा एक चित्रपट बनवितात, आणि असा चित्रपट विकत घेऊन घरीं ठेवण्याच्या लायकीचा असतो कीं नाहीं, यावर आजची तरुण मंडळी हिरीरीनें वाद घालतात. वाद दिसतो तितका नवा नाहीं. पुण्याच्या सुशिक्षित घरांपुढें हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं येऊन गेला आहे. त्या वेळीं लांबलचक वस्तु होती संगीत नाटक, आणि तिचा विकाऊ संक्षेप होता ग्रामोफोनची तबकडी.

मूळ वस्तु केवढी होती हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांतील आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग केला. त्या रात्रीं सातांपैकीं चारच अंक झाले. उरलेले तीन मागाहून तयार होऊन पुढील वर्षीं रंगभूमीवर आले. म्हणजे संगीत नाटकाचें पहिलें दर्शन पुणेकरांस घडलें तेंच अपुरें! परंतु तें अपुरेपण तयारीचें होतें, कात्रीचें नव्हतें. संपूर्ण ‘शाकुंतलां’त सुमारें दोनशें पदें होतीं. १८८२ सालीं ‘सौभद्र’ आलें, तेंहि असेंच हप्त्याहप्त्यानें. जेवणखाण आटोपून मंडळी नाटकास जात, ती रात्र सरत आली म्हणजे घरीं परतत. पद रंगलें कीं ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे, नट तें पुन्हां म्हणे, आणि पुन्हां म्हणतांना अगदीं तेंच म्हणत नसे. मर्म येथेंच आहे. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली. तींत बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, एकच चरण निरनिराळ्या अंगांनीं घोळवीत बसत. पुढें त्यांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशीं माणसें आलीं, तेव्हां तर एकेक पद म्हणजे एकेक छोटी बैठकच होऊन गेली. कथानक तोंवर बिचारें बाजूला उभें राहून वाट पाही.

या अवाढव्य वस्तूला तबकडीनें किती जागा दिली? दहा इंचांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें.

हिंदुस्थानांत तबकड्यांचा व्यापार १९०२ सालापासून धरतात. त्या वर्षीं फ्रेड गाइसबर्ग नांवाचा तज्ज्ञ लंडनच्या कंपनीतर्फें कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजानसारख्या कलावंतांचें गाणें मेणावर उतरवून घेतलें. १९०८ मध्यें कलकत्त्यांत तबकड्यांचा कारखानाच सुरू झाला. तबकडी बनते ती लाखेची, आणि लाख तर आपल्याच जंगलांतली. तेव्हां परक्या यंत्राच्या पोटांत निदान एक देशी वस्तु होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. विजेचा मायक्रोफोन येण्यापूर्वीं, म्हणजे सुमारें १९२५ पर्यंत, गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं आपलें तोंड नेऊन गावयाचें असे. आवाजाच्या धक्क्यानें सुई हाले व मऊ मेणावर रेघ उमटे. मध्येंच ठसका लागला, सूर हुकला, तर तेवढाच भाग दुरुस्त करण्याची सोय नव्हती. तें मेण टाकून पुन्हां पहिल्यापासून गावें लागे. नाजूक व खालचे सूर त्या कर्ण्यांत हरवून जात आणि तबला कोठें तरी दूर वाजत असल्यासारखा वाटे. हें सारें सांभाळून वेळ संपण्यापूर्वीं समेवर यावयाचें! जुन्या मुद्रिकांत शेवटची तान पुष्कळदां धांवत कां येते, याचें उत्तर गाणाऱ्याच्या स्वभावांत नसून मेणाच्या रुंदींत आहे.

आतां थोडें त्रैराशिक मांडून पाहावें. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकांत, जें १९१६ सालीं रंगभूमीवर आलें, पन्नासांच्या वर पदें आहेत. प्रत्येक पदास फक्त तीन मिनिटें दिलीं, एकदांहि ‘वन्स मोअर’ घेतला नाहीं आणि संवादाचा एक शब्दहि उच्चारला नाहीं, तरी केवळ गाण्यांसच अडीच तास लागतात; दोन्ही बाजूंनीं भरलेल्या पंचवीस तबकड्या होतात. असा संच घेऊन दर तीन मिनिटांनीं तबकडी उलटीत व चावी देत बसणारा रसिक विरळा. तेव्हां घरोघर जें आलें तें नाटक नव्हे, तर नाटकांतील दोनचार पदें, आणि तींहि तळहातावर मावतील एवढीं केलेलीं.

याविरुद्ध आक्षेप घेणाऱ्यांची बाजू लंगडी नाहीं. तिचें सर्वांत बळकट उदाहरण ‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्यें वारले. पुढच्याच महिन्यांत बडोद्यास गंधर्व मंडळीनें त्यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग केला. सुधाकराची भूमिका गणपतराव बोडसांची, सिंधूची बालगंधर्वांची. बुद्धिमान, मानी वकील दारूच्या पायीं पायरीपायरीनें कसा खालीं उतरतो हें गडकऱ्यांनीं संवादांतून दाखविलें आहे. तबकडीवर आलीं तीं सिंधूचीं पदें. आणि पदें कोणाचीं? गडकऱ्यांचीं नव्हेत, तीं वि. सी. गुर्जरांनीं रचून दिलीं. चालींपैकीं पुष्कळ चाली पुण्याच्या सुंदराबाई जाधवांकडून मिळालेल्या. म्हणजे ज्यानें ‘एकच प्याला’ची तबकडी हौसेनें विकत घेतली, त्याच्या घरांत शब्द गुर्जरांचे आले, चाल सुंदराबाईंची आली, कंठ बालगंधर्वांचा आला, ज्याच्या नांवानें तें नाटक ओळखलें जातें त्या गडकऱ्यांची एक ओळहि आली नाहीं. सुधाकर तर दारांतूनहि डोकावला नाहीं. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’ची गत याहून निराळी नाहीं. त्यांतील सारी गंमत गैरसमजाच्या उत्तरप्रत्युत्तरांत. तीं वगळल्यावर राहतें तें गोड गाणें, पण त्यांत संशयहि नाहीं आणि कल्लोळहि नाहीं. ‘अपेक्षित प्रश्नोत्तरें’ पाठ करून परीक्षा उतरलेल्या मुलास काव्य समजलें असें कोणी शिक्षक म्हणणार नाहीं; मग पदें पाठ असलेल्या गृहस्थानें आपणांस नाटक ठाऊक आहे असें कां समजावें?

आणि असें समजणारे गृहस्थ निघालेच. तबकडीवर ऐकलेलें पद नाटकगृहांत कधीं येतें याची वाट पाहत बसणारा, तें येऊन गेल्यावर जांभया देणारा, असा एक प्रेक्षकवर्ग संगीत रंगभूमीला भोंवला. सगळा दोष तबकडीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल, कारण नाटकाची मैफल करण्याची खोड नटांस व प्रेक्षकांस यंत्र येण्यापूर्वींच जडूं लागली होती. तबकडीनें ती पक्की केली.

इतकें कबूल करूनहि तबकडी घेणारा मूर्ख ठरत नाहीं. त्याची बाजू समजण्यास किर्लोस्कर मंडळींतील भाऊराव कोल्हटकरांची आठवण काढावी. शकुंतला, सुभद्रा, वसंतसेना या त्यांच्या भूमिकांनीं आणि त्यांच्या उंच, तेजस्वी आवाजानें वीस वर्षें महाराष्ट्र वेडा केला होता. ते १९०१ च्या फेब्रुवारींत वारले, आणि गाइसबर्गचें यंत्र कलकत्त्यास उतरलें तें १९०२ च्या अखेरीस. पुरीं दोन वर्षेंहि मध्यें नाहींत! आज भाऊरावांच्या आवाजाबद्दल जें कळतें तें ऐकणाऱ्यांनीं लिहून ठेवलेल्या विशेषणांवरून, आणि विशेषणांवरून सूर लावतां येत नाहीं. पूर्ण नाटक कीं तीन मिनिटें, असा प्रश्न भाऊरावांच्या बाबतींत कोणी विचारीत नाहीं. तेथें तीन मिनिटेंसुद्धां नाहींत.

दुसरें नांव भास्करबुवा बखल्यांचें. पुण्यांतील भारत गायन समाज ज्यांनीं १९११ सालीं स्थापिला ते हे गवई. ‘स्वयंवरा’च्या चाली त्यांच्या. घराण्यांच्या कडेकोट बंदोबस्तांतील ख्यालाच्या बंदिशी त्यांनीं नाटकांत आणून बसविल्या, आणि ज्यांनीं जन्मांत बैठक ऐकली नव्हती अशा माणसांच्या तोंडीं ते राग खेळूं लागले. बुवा १९२२ सालीं वारले. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका मागें राहिली नाहीं. त्यांची गायकी आज कानांनीं ऐकावयाची तर बालगंधर्वांच्या मुद्रिकांतूनच, म्हणजे शिष्याच्या कंठांतून आणि तीन मिनिटांच्या फटींतूनच ऐकावी लागते. फट लहान खरी, परंतु दुसरी खिडकी नाहीं.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. कापाकापी कोणी केली? ग्रंथाचा संक्षेप बहुधा तिऱ्हाईत माणूस करतो. त्याला कंटाळवाणें वाटलें तें तो गाळतो. तबकडीवर कात्री खुद्द गाणाऱ्याच्या हातांत होती. रंगभूमीवर जें पद बालगंधर्व मनमुराद फुलवीत, त्यांतलें कोणतें अंग ठेवावें व कोणतें सोडावें हें मेणापुढें उभें राहून त्यांनींच ठरविलें. म्हणून त्या मुद्रिका नाटकाच्या तुकड्यांसारख्या वाटत नाहींत. मुखडा, अंतरा, दोनचार मोजक्या ताना, आणि पुन्हां समेवर; कोठें पाल्हाळ नाहीं. कित्येक जाणकार तर असेंहि म्हणतील कीं नाटकगृहांत वाहवत जाणारे नारायणराव तबकडींत अधिक बांधेसूद आहेत. त्यांत अर्धें सत्य आहे. उरलेलें अर्धें सत्य पहांटेपर्यंत जागलेल्या प्रेक्षकांबरोबर गेलें.

जपानी चित्रपटांकडे हीच कसोटी घेऊन पाहिलें तर तरुणांचा वाद पुष्कळसा सुटतो. ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही २६ भागांची मालिका १९७४ मध्यें तेथील दूरचित्रवाणीवर सुरू झाली व फारशी न चालतां संपली. १९७७ सालीं तिचा एक संक्षिप्त चित्रपट निघाला आणि लोक रांगा लावून तो पाहूं लागले. ‘मोबाइल सूट गंडम’चे ४३ भाग १९७९-८० मध्यें झाले. तिचे १९८१-८२ मध्यें तीन चित्रपट निघाले. ते मूळचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांच्याच देखरेखीखालीं तयार झाले, आणि तिसऱ्यासाठीं बरींच चित्रें नव्यानें काढलीं गेलीं. असा संक्षेप म्हणजे कर्त्यानें आपल्या कृतीवर फिरविलेला दुसरा हात होय. तो संग्रहीं ठेवण्यास योग्य. केवळ जुने तुकडे घाईनें चिकटवून पुढील मालिकेच्या जाहिरातीसाठीं काढलेला चित्रपट निराळा. तो मालिका पाहिलेल्यास नको असतो आणि न पाहिलेल्यास कळत नाहीं.

पुण्यांत पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगून टाकावें. १९३३ सालीं प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत बालगंधर्व एकनाथांच्या रूपानें पडद्यावर आले. ज्यांनीं त्यांना शालू नेसलेलें पाहिलें होतें त्यांना तें रूप रुचलें नाहीं. नाटक मंडळ्या मोडल्या, रात्रभर चालणारे प्रयोग बंद पडले, आणि ‘सौभद्र’ झालें तरी तें निवडक पदांसह तीन तासांत आटोपूं लागलें. म्हणजे अखेरीस रंगभूमीनें स्वतःचाच संक्षेप केला. पुरुषोत्तम दारव्हेकरांचें १९६७ चें ‘कट्यार काळजांत घुसली’ २०१५ सालीं, आणि खाडिलकरांचें १९११ चें ‘मानापमान’ २०२५ सालीं चित्रपट होऊन आलें. दोन्हींत कथा व गाणीं मूळाबरहुकूम ठेवलेलीं नाहींत, त्यामुळें त्यांस संक्षेप म्हणावें कीं नवें काम म्हणावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारांत, मोडलेल्या वाड्यांतून आलेल्या सामानांत, अजून कधीं कधीं अशा तबकड्या हातीं लागतात. घेणारानें आधीं ती उजेडाकडे धरून तडा पाहावा; लाख ठिसूळ असते. मग मधल्या कागदी चकतीवरील अक्षरें वाचावीं. नाटकाचें नांव असेल, पात्राचें असेल, गाणाऱ्याचें तर मोठ्या टायपांत असेल. चाल कोणाची, हें बहुधा छापलेलें नसतें. नाटक ‘स्वयंवर’ असेल, तर त्या कोऱ्या जागेंत भास्करबुवांचें नांव आपल्या हातानें लिहून ठेवावें.