ब्लू-रे विरुद्ध एचडी डीव्हीडी
हाय डेफिनिशन चित्रपटांची तबकडी कोणत्या स्वरूपाची असावी, यावरून २००६ ते २००८ या काळात इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात दोन तट पडले होते. सोनी, पॅनासोनिक, फिलिप्स, सॅमसंग आदी कंपन्या ब्लू-रेच्या बाजूस होत्या; तोशिबा, एनईसी व मायक्रोसॉफ्ट यांनी एचडी डीव्हीडीचा पुरस्कार केला. दोन्ही तबकड्या ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने वाचल्या जात. ब्लू-रेच्या एका थरात २५, तर एचडी डीव्हीडीच्या थरात १५ गिगाबाइट माहिती मावे. मात्र एचडी डीव्हीडीची रचना जुन्या डीव्हीडीशी मिळतीजुळती असल्याने तिचे उत्पादन प्रचलित यंत्रसामग्रीत थोडे फेरबदल करून होऊ शके.

एकीची तबकडी दुसरीच्या प्लेअरवर चालत नसे. नोव्हेंबर २००६मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ३मध्ये ब्लू-रेची सोय असल्याने तिचा प्रसार वाढला. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने केवळ ब्लू-रेची निवड जाहीर केली आणि १९ फेब्रुवारीस तोशिबाने माघार घेतली. एचडी डीव्हीडी प्लेअर घेतलेल्या ग्राहकांची यंत्रे त्यानंतरही चालत राहिली. परंतु त्यांच्यासाठी नवे चित्रपट निघणे लवकरच थांबले. कंपन्यांच्या स्पर्धेची किंमत अखेर त्यांनाही मोजावी लागली.