माळावरची सौरवीज : पैसा कोणाचा, भाडे कोणाला?

बारामती म्हटले, की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे ऊस, साखर कारखाने आणि कालव्याचे पाणी उभे राहते. तालुक्याचा पश्चिम भाग मात्र या चित्रात बसत नाही. अष्टविनायकांतील पहिल्या गणपतीचे मोरगाव आणि शेजारचे सुपे ही गावे नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीपासून दूर, जिरायती पट्ट्यात आहेत. कऱ्हा नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते. जनाई-शिरसाई योजनेतून खडकवासला प्रकल्पाचे पाणी या बाजूला येते. पण ते उचलून आणावे लागते. अशा उपसा योजनांच्या वीजबिलापैकी ८१ टक्के राज्य सरकारने आणि १९ टक्के लाभधारकांनी भरावे, असे सूत्र राज्याने ठरविले आहे. थोडक्यात, येथे पाण्याचा प्रश्न हा विजेचाही प्रश्न आहे.

हरित अर्थव्यवस्थेची भाषा या भागापर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’च्या रूपाने. २०१७ मध्ये राज्याने ही योजना जाहीर केली आणि २०२३ मध्ये ‘२.०’ या नावाने ती नव्याने मांडली. कल्पना साधी आहे. गावाजवळच्या उपकेंद्रालगत लहान सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट कृषिपंपांच्या वाहिनीला द्यायची. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते. रात्री-अपरात्री बिबट्या आणि सापाच्या भीतीने दारे धरायला जाणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढविण्यात आले.

पैशाचे गणित मात्र तितके साधे नाही. प्रकल्पाचा खर्च खासगी विकासक करतो. केंद्राच्या ‘पीएम-कुसुम’ योजनेतून त्याला मेगावॉटमागे एक कोटी पाच लाख रुपयांपर्यंत साह्य मिळते. उरलेला पैसा कर्जाऊ उभा राहतो आणि बँका तो देतात त्या महावितरणशी झालेल्या २५ वर्षांच्या वीजखरेदी कराराच्या भरवशावर. निविदांमध्ये दर युनिटला सुमारे तीन रुपये आला. औष्णिक विजेपेक्षा हा दर स्वस्त असल्याने उद्योगांवरील ‘क्रॉस सबसिडी’चा भार हलका होईल, असे सरकारचे म्हणणे आहे. दुसरीकडे, २०२४ मध्ये सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४ हजार ७६० कोटी रुपये, असा तिचा अंदाज होता. ही रक्कम तिजोरीतून, म्हणजे शेवटी शहरी करदात्याच्याही खिशातून जाते. स्वस्त सौरवीज सरकारला हवी आहे, त्यामागे पर्यावरणाइतकेच हे ओझेही आहे, असे दिसते.

खरी गोम जमिनीत आहे. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. खासगी जमीन दिल्यास शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. त्या हिशेबाने पंचविसाव्या वर्षी भाडे दुपटीवर जाते. बाजरी-ज्वारीच्या जिरायती रानातून असे खात्रीचे उत्पन्न क्वचितच निघते. सरकारी जमीन मात्र प्रकल्पाला नाममात्र एक रुपया भाड्याने मिळते. गावासाठी तरतूद आहे ती ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षांच्या अनुदानाची. ते एकूण १५ लाख होतात. करार २५ वर्षांचा आणि गावाचा वाटा तीन वर्षांचा, ही विषमता नजरेत भरण्यासारखी आहे. पाच मेगावॉटच्या प्रकल्पाला आठ-दहा हेक्टर लागतात. जमीन खासगी असती, तर पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक भाडे झाले असते.

गायरान मोकळे दिसते, पण ते रिकामे नसते. धनगरांची मेंढरे आणि गावची जनावरे तेथेच चरतात. सार्वजनिक वापराच्या जमिनींचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यांची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले होते.

शिवाय या माळाला आणखी एक हक्कदार आहे. चिंकारांसाठी प्रसिद्ध असलेले सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. चिंकारा आणि लांडगा ही हद्द ओळखत नाहीत. त्यांचा वावर बाहेरच्या माळांवरही असतो. बारामती तालुक्यातीलच शिर्सुफळ येथे महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे आणि त्याच गावच्या परिसरात, तसेच इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीत, वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. एकाच माळाकडे एक खाते पडीक जागा म्हणून पाहते, तर दुसरे वन्यजीवांचा अधिवास म्हणून.

वनजमिनीसाठी केंद्राची परवानगी लागते. गायरान व खासगी माळाचे तसे नाही. सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेतून सूट असल्याने प्रकल्पापूर्वी तेथील गवत, चराई आणि प्राण्यांची नोंद होईलच, असे नाही. ती व्हावी असे वाटणाऱ्या गावाला हा आग्रह ग्रामसभेतच आणि जागा हस्तांतरित होण्यापूर्वीच धरावा लागेल.